ऑटो-स्ट्रेच दर रात्री वेगळा का येतो, आणि हाताने कुठे ओढायचं

एकाच लक्ष्याच्या अनेक फ्रेमा एकमेकींवर चढवून केलेला स्टॅक पूर्ण होतो, ऑटो-स्ट्रेचने (अंधारातला फिका उजेड आपोआप ताणून दाखवणाऱ्या बटणाने) पडद्यावर मृगातला मोठा तेजोमेघ पंख पसरून बसलेला दिसतो. जेपेग करून मोबाइलवर उघडला की काळी पाटी, मध्ये चार ठिपके. दुसऱ्याची अडचण निराळी: कॅमेरा तोच, लेन्स तीच, फ्रेमाही तेवढ्याच, पण म्हैसमाळवरून काढलेला स्टॅक ऑटोने मिळमिळीत येतो आणि नाथसागराच्या काठावरचा कडक. तिसऱ्याचं आकाश हिरवं, चौथ्याच्या तेजोमेघाचा गाभा पांढरा फटक. चौघांनाही सल्ला एकच मिळतो: ‘ऑटो वापरू नका, हाताने करा.’ मग हाताने केलेलंही बिघडतं, कारण बिघाड बहुतेक वेळा बटणाच्या आधीच झालेला असतो. ऑटो त्याला दिलेल्या आकाशाचं माप घेतो. त्या आकाशात शहराचा उजेड, लेन्सवरचा धुरळा आणि स्टॅकच्या फाटक्या कडा असतील, तर तो त्यांचंही माप घेतो.

आधी बघा: ऑटो पडद्यावर आहे की फाइलमध्ये?

सिरिल या आकाशचित्रांवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राखाली डिस्प्ले मोडची यादी असते: लिनिअर, लॉगरिथम, असिन्ह, ऑटोस्ट्रेच वगैरे. यातलं काहीही निवडलं तरी बदलतो तो फक्त पडदा, फाइलमधले आकडे जागचे हलत नाहीत. पिक्सइनसाइट या तशाच सॉफ्टवेअरमधलं स्क्रीन ट्रान्सफर फंक्शनही त्याच जातीचं. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात मोजतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. अंधाऱ्या रानात पार्श्वभूमी पूर्ण मापाच्या एखाद-दोन टक्क्यांवर बसते आणि तेजोमेघाची बाहेरची झालर तिच्यापेक्षा जेमतेम वर. तेव्हा सेव्ह केल्यावर काळं दिसणं बरोबरच आहे, फाइल खराब झालेली नाही.

तपासायची रीत सोपी आहे. मोड लिनिअरवर आणा. चित्र काळं झालं तर स्ट्रेच अजून झालेलाच नाही. हिस्टोग्राम ट्रान्सफॉर्मेशनची खिडकी उघडून तिथला ऑटोस्ट्रेच दाबला आणि अप्लाय केलं, तरच आकडे बदलतात. आणि अप्लाय झाल्यावर मोड लिनिअरवरच ठेवा. तो चुकून ऑटोस्ट्रेचवर राहिला तर आधीच ओढलेल्या चित्रावर पडदा आणखी एक स्ट्रेच चढवतो, सगळीकडे पांढरं धुकं दिसतं आणि माणूस ते कमी करायला स्लायडर उलटे ओढत बसतो. नवशिक्यांच्या रात्रीच्या रात्री यात जातात.

डीपस्कायस्टॅकर हे स्टॅक करायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा घोटाळा याच घरातला. सेव्ह करताना तो विचारतो की खिडकीत केलेले बदल फाइलला लावायचे, की लावायचे नाहीत आणि नुसते नोंदवायचे. पुढचं काम सिरिलमध्ये करणार असाल तर ‘नोंदवा, लावू नका’ हाच पर्याय घ्या. लावलेले असतील तर त्या फाइलवर रंगमापन (ताऱ्यांवरून खरे रंग ठरवणं) आणि पार्श्वभूमी काढणं धड होत नाही, कारण दोन्ही कामांना सरळ प्रमाणातले आकडे लागतात.

फोटोशॉपचे ऑटो टोन, ऑटो कॉन्ट्रास्ट, गिंपचे आपोआप रंग दुरुस्त करणारे पर्याय आणि मोबाइलमधली जादूची कांडी ही सगळी वेगळी जात. ती दोन्ही टोकांचे थोडे पिक्सेल सोडून उरलेली पट्टी ताणतात. फोटोशॉपमध्ये मूळ सेटिंगला हे सोडणं प्रत्येक टोकाला 0.1 टक्का असतं, गिंपच्या ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये 0.05 टक्का. लिनिअर स्टॅकमध्ये तेजस्वी तारे आधीच वरच्या टोकाला टेकलेले असतात, म्हणून फरक दिसतो तो जवळपास शून्य. ओढलेल्या चित्रावर यातले काही पर्याय लाल, हिरवा, निळा असे सुटेसुटे ताणतात. धनू राशीतल्या लगून तेजोमेघाने फ्रेम भरलेली असेल तर त्याचा हायड्रोजनचा लाल रंग त्यांना ‘रंगछटेचा दोष’ वाटतो आणि ते इमानदारीने तो धुऊन काढतात. लग्नाच्या अल्बमला ही बटणं ठीक आहेत. तेजोमेघाला नकोत, आणि इक्वलाइझ तर अजिबात नको.

बटण आत काय हिशेब करतं

सिरिल आणि पिक्सइनसाइट दोन्हींचा ऑटो मुळात एकाच सूत्रावर चालतो. चित्राचा मध्यक घ्यायचा. मग प्रत्येक पिक्सेलचं मध्यकापासूनचं अंतर काढून त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्यायचा. याला एमएडी म्हणतात आणि पार्श्वभूमी किती खडबडीत आहे ते त्यावरून कळतं. एमएडीला 1.4826 ने गुणायचं, मध्यकापासून त्याच्या 2.8 पट खाली ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं) ठेवायचा. शेवटी मिडटोन (मधला उजेड किती वर ओढायचा तो आकडा) असा बसवायचा की मध्यक बरोबर 0.25 वर येईल. 2.8 आणि 0.25 हे मूळ सेटिंगचे आकडे.

प्रत्यक्ष आकडे घालून बघा. चांगल्या रात्रीच्या स्टॅकचा मध्यक 0.0100, एमएडी 0.0004. ब्लॅक पॉइंट येतो 0.0083 वर, म्हणजे 16 बिटांच्या मापात 65535 पैकी सुमारे 546. मिडटोन येतो 0.005. एवढ्या मिडटोनला अंधारातला फरक जवळपास 200 पट ताणला जातो.

आता त्याच लक्ष्याचा शहराच्या उजेडातला स्टॅक घ्या. मध्यक 0.0200, पण फ्रेमची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असल्यामुळे एमएडी 0.0020. ब्लॅक पॉइंट 0.0117, मिडटोन 0.0245. अंधारातला ताण जेमतेम 40 पट. तेजोमेघ तोच, प्रकाश तोच, आणि ऑटोने त्याला पाचपट कमी ओढलं. ‘आज मिळमिळीत आला’ याचं कारण एवढंच: उताराने एमएडी फुगवला आणि सूत्राला वाटलं की आकाशच खडबडीत आहे, जपून ओढू.

उलटा प्रकारही होतो. फ्रेमा 25 च्या 100 केल्या की पार्श्वभूमीचा नॉइज निम्मा होतो, एमएडी घटतो आणि ऑटो जास्त जोराने ओढतो. म्हणजे जास्त मेहनत केल्याचं बक्षीस म्हणून गाभा जास्त जळतो. स्ट्रेचआधी डिनॉइज चालवला असेल तर एमएडी आणखी कोसळतो आणि ऑटो पिसाटतो. डिनॉइज लिनिअर अवस्थेतच करायचा असेल तर जरूर करा, पण मग ऑटोच्या निकालावर भिस्त ठेवू नका.

तिसरा सापळा मध्यकाचा. सूत्र गृहीत धरतं की अर्ध्याहून जास्त फ्रेम रिकामं आकाश आहे. 135 मिमी लेन्सने धनू-वृश्चिकातली आकाशगंगा घेतली तर रिकामं आकाश असतंच कुठे? मध्यक आकाशगंगेच्या ढगांवर बसतो, ते 0.25 वर करडे होतात आणि धुळीच्या काळ्या पट्ट्यांची तळाशी कापणी होते. रुंद लेन्समध्ये खाली बाभूळ, बांध आणि विहिरीचा काठ आला की आणखी गंमत: अर्धी फ्रेम जमीन, अर्धी आकाश, मध्यक दोघांच्या सीमेवर आणि एमएडी अफाट. अशा चित्रात जमीन वेगळी, आकाश वेगळं ठेवूनच काम करायचं. ऑटोला तिथे बोलवायचंच नाही.

बटणाआधीची कामं, याच क्रमाने

कडा कापा. फ्रेमा एकमेकींवर बसवताना कडेच्या पट्टीत सगळ्या फ्रेमा पोचत नाहीत. डिदरिंग (फ्रेमांमध्ये लक्ष्य मुद्दाम थोडं सरकवणं) केलं असेल किंवा दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे नीट साधला नसेल तर ही पट्टी जाड होते. तिथे नॉइज जास्त, उजेड वेगळा. प्रत्येक बाजूने दोनेक टक्के, गरज असेल तर जास्त कापा. ही कात्री बाकी सगळ्याच्या आधी चालली पाहिजे, नंतर चालवून उपयोग नाही, कारण पार्श्वभूमीचे नमुने तोवर त्या पट्टीवर पडलेले असतात.

मग फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, ज्यांनी लेन्सचा काळोख आणि धुरळ्याचे डाग भागून काढतात. दिवाळीनंतर आपल्याकडे फारसा पाऊस नसतो, वाळलेल्या रानात गाडी उभी केली की धुरळा सेन्सरपर्यंत जातो. ऑटो-स्ट्रेच 200 पट ताण देतो, तेव्हा डोळ्याला न दिसणारा कणही राखाडी वडा होऊन समोर येतो आणि लेन्सच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांची कढई दिसते. कॅमेरा दुर्बिणीवरून काढण्याआधी, फोकस आणि कॅमेऱ्याचं वळण न हलवता, तेच आयएसओ ठेवून 20 ते 30 फ्लॅट घ्या. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून पहाटेच्या आकाशाकडे धरलं तरी चालतं. हिस्टोग्रामचं (किती उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणाऱ्या आलेखाचं) शिखर पट्टीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत असू द्या, आणि झाकण लावून तेवढ्याच एक्सपोजरचे डार्क-फ्लॅट किंवा सर्वांत लहान एक्सपोजरचे बायस घ्यायला विसरू नका. बायस वजा न करता लावलेला फ्लॅट कोपरे पुरते उजळत नाही, मग कढई थोडी उरतेच.

डार्क (झाकण लावून मुख्य फ्रेमांएवढ्याच एक्सपोजरचे फोटो) त्या-त्या हंगामाचेच हवेत. थंडाव्याची सोय नसलेल्या डीएसएलआरमध्ये डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या मध्यरात्री तापमानात 18 अंशांचा फरक सहज पडतो. डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेने साचणारा संकेत) साधारण दर 6 अंशांना दुप्पट होतो, म्हणजे फरक आठपट. डिसेंबरचे डार्क मेमध्ये वापरले की कोपऱ्यातली जांभळी चमक तशीच राहते, आणि ऑटो तिलाही आकाश समजून मापात धरतो.

आता पार्श्वभूमीचा उतार. हा मराठवाड्यातल्या निम्म्या तक्रारींचा खरा धनी. म्हैसमाळवरून छत्रपती संभाजीनगर आग्नेयेला येतं. फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे वृश्चिक त्याच दिशेला वर चढत असतो, म्हणजे लक्ष्य नेमकं शहराच्या उजेडातून जातं. पैठणजवळ नाथसागराच्या काठावर हेच शहर उत्तरेला जातं, दक्षिणेचं आकाश मोकळं. दोन ठिकाणचे ऑटो वेगळे दिसतात याचं अर्धं उत्तर या दिशांमध्ये आहे. कॅरिना तेजोमेघ तर एप्रिलच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर येतो, तेव्हाही क्षितिजापासून 10 ते 12 अंशच. तिथे उतार असणारच, कितीही आडरानात जा.

उतार दोनदा काढायचा. पहिल्यांदा स्टॅकच्या आधी, प्रत्येक फ्रेमवर, बहुपदी पद्धतीने आणि डिग्री 1 ठेवून. हिवाळ्यात रात्रपाळीची थ्री-फेज आली की शेजारच्या विहिरींवरचे बल्ब एकेक करून लागतात. ऊसपट्ट्यात पाचट पेटवलेलं असेल तर धुराचा पडदा एका बाजूने सरकतो. रात्र पुढे सरकते तसा उतार दिशा बदलतो. एकेका फ्रेममध्ये तो सरळ फळीसारखा असतो, म्हणून डिग्री 1 पुरते. सगळ्या फळ्या स्टॅकमध्ये एकत्र झाल्या की त्यांचा वेडावाकडा पत्रा होतो आणि तो कोणत्याच डिग्रीला नीट ऐकत नाही.

दुसऱ्यांदा स्टॅकवर, आरबीएफ पद्धतीने (ती नमुन्यांवरून वाकडातिकडा उतारही बसवते). नमुन्याचे चौकोन आपोआप पाडून घ्या, आणि मग एकेक बघा. तेजोमेघावर, दीर्घिकेच्या झालरीवर, मोठ्या ताऱ्याच्या वलयावर बसलेला प्रत्येक चौकोन उडवा. इथे आळस केला की देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा ‘प्रदूषण’ म्हणून वजा होतात आणि तिच्याभोवती काळं कडं उमटतं. काळं कडं दिसलं तर मागे फिरा, त्या बाजूचे चौकोन लांब सरकवा. उजेडाच्या उतारासाठी वजाबाकी, फ्लॅटमध्ये राहून गेलेल्या कोपऱ्यांच्या काळोखासाठी भागाकार. दोन्ही दोष असतील तर आधी फ्लॅट सुधारा, कारण भागाकाराने उजेडाचा उतार जात नाही आणि वजाबाकीने लेन्सचा दोष.

शेवटी रंग. ऑटोस्ट्रेचच्या शेजारी साखळीचं चिन्ह आहे. साखळी जोडलेली असेल तर तिन्ही रंगांना एकच ताण, सुटी असेल तर प्रत्येकाला आपापला. रंगीत सेन्सरचा कोरा स्टॅक जोडलेल्या साखळीत हिरवा दिसतो, कारण सेन्सरला हिरव्यात संवेदना जास्त. सुट्या साखळीत तोच स्टॅक छान करडा दिसतो, आणि फसगत इथेच होते: रंग बरोबर झालेला नसतो, पडद्याने झाकलेला असतो. रंगमापनाआधी सुटी साखळी ठेवून बघा, हरकत नाही. मग फोकल लांबी आणि पिक्सेलचा आकार भरून प्लेट सॉल्व्ह करा (फ्रेममधले तारे ओळखून आकाशातली जागा ठरवणं), ताऱ्यांवरून रंगमापन करा आणि लगेच साखळी जोडा. जोडलेल्या साखळीतही आकाश रंगहीन दिसलं तर काम झालं. हिरवं उरलं असेल तर उतार नीट निघालेला नाही. हिरवा नॉइज काढायचं बटण मारून ते लपवण्याआधी मागची पायरी पुन्हा बघा.

एवढं झाल्यावर ऑटो पुन्हा दाबून पाहा. बऱ्याच वेळा तक्रार इथेच मिटते. दोन रात्रींचे स्टॅक अगदी जुळे दिसणार नाहीत, पण भावंडं नक्की दिसतील.

मग हाताने काय उरतं?

दोन गोष्टी. पार्श्वभूमी 0.25 वर ठेवणं हे तपासणीसाठी सोयीचं आहे, बघण्यासाठी नाही. 255 च्या मापात ते 64 होतं, आणि 64 वरचं आकाश रात्रीचं वाटत नाही, ढगाळ वाटतं. तयार चित्रात पार्श्वभूमी 22 ते 30 च्या दरम्यान शोभते. दुसरी गोष्ट गाभ्याची, ती पुढे.

सिरिलच्या 1.2 पासून जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच आहे. हाताने काम करायचं तर हेच घ्या. डी म्हणजे किती ओढायचं, एसपी म्हणजे उजेडाच्या पट्टीवर कोणत्या बिंदूपाशी जोर लावायचा, बी म्हणजे तो जोर त्या बिंदूभोवती किती एकवटायचा. एलपी आणि एचपी म्हणजे अंधाराला आणि उजेडाला राखण.

रंगाच्या हातांसारखा स्ट्रेचही थोडाथोडा, अनेकदा द्यायचा. पहिल्या हाताला रिकाम्या आकाशाचा छोटा चौकोन निवडून त्यावरून एसपी उचला, मग तो हिस्टोग्रामच्या शिखराच्या किंचित डावीकडे सरकवा. बी 6 ते 10. डी हळूहळू वाढवत शिखर डाव्या भिंतीपासून सुटून पट्टीच्या साधारण दहाव्या भागापर्यंत येईल तिथे थांबा. अप्लाय. दुसऱ्या हाताला एसपी तेजोमेघाच्या फिक्या झालरीवरून उचला, बी 2-3 वर आणा, एचपी 0.8 च्या आसपास खाली घ्या म्हणजे तारे फुगणार नाहीत, डी अगदी थोडा. असे तीन-चार हात द्या. एकाच हातात सगळं ओढलं तर झालर वर येते, पण ताऱ्यांची भजी होतात. नेमके आकडे प्रत्येक स्टॅकला वेगळे लागतात. बघायचं ते हिस्टोग्रामकडे. दर हाताला डोंगर थोडा रुंद व्हावा आणि त्याचा डावा पायथा भिंतीपासून सुटा राहावा. डोंगर नुसताच उजवीकडे सरकत असेल आणि रुंद होत नसेल तर तुम्ही उजेड वाढवताय, कॉन्ट्रास्ट नाही. एसपी चुकलाय.

ब्लॅक पॉइंट सगळ्यात शेवटी. हाताने काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी खोड इथे दिसते: उतार राहिला, नॉइज दिसतोय, मग आकाशच काळं करून टाकायचं. चित्र पटकन ‘भारी’ दिसतं. हिस्टोग्रामच्या खिडकीत किती टक्के पिक्सेल तळाशी कापले जातात तो आकडा दिसत असतो. तो 0.1 च्या खाली ठेवा. पार्श्वभूमी 25 आणि झालर 31 असेल तेव्हा त्या सहा आकड्यांतच सगळी रात्र असते. ब्लॅक पॉइंट 30 वर नेला की पार्श्वभूमी शून्य, झालर 1. मृगातल्या हॉर्सहेड या काळ्या मेघामागचा लाल पडदा असाच गायब होतो आणि मग फिल्टर बदलायच्या गोष्टी सुरू होतात.

लॅपटॉपच्या पडद्यावर या बाबतीत विश्वास ठेवू नका. झाकण चार बोटं मागे झुकवलं तरी अंधार बदलतो. रंग उचलायच्या साधनाने चार कोपऱ्यांत आणि मध्ये रिकाम्या जागी आकडे वाचा. लाल, हिरवा, निळा तिन्ही 22 ते 30 मध्ये आणि एकमेकांपासून दोन-तीनच्या आत. एका कोपऱ्यात 24 आणि समोरच्या कोपऱ्यात 38 येत असेल तर कर्व्हला हात लावू नका, पार्श्वभूमीच्या पायरीवर परत जा.

लोकल कॉन्ट्रास्टचं क्लाही नावाचं साधनही सिरिलमध्ये आहे. आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्यांना ते उठाव देतं, मोठ्या ताऱ्यांभोवती काळी वलयं पण देतं. तारे वेगळे काढल्याशिवाय वापरू नये.

मृगाचा गाभा

वरचं पहिलं गणित पुन्हा घ्या: ब्लॅक पॉइंट 0.0083, मिडटोन 0.005. लिनिअर स्टॅकमध्ये गाभ्याची कड 0.05 वर आहे आणि चार ताऱ्यांच्या चौकडीजवळचा भाग 0.30 वर. म्हणजे सहापट उजेडाचा फरक. ऑटोनंतर पहिला होतो 0.90 आणि दुसरा 0.99. 255 च्या मापात 229 आणि 252. सहापट फरक 23 आकड्यांत दाबला, म्हणून डोळ्याला सगळं पांढरंच दिसतं. माहिती गेलेली नाही, वरच्या कप्प्यात कोंबली आहे. हीच गोष्ट ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाच्या मध्याची.

आधी ठरवा की गाभा कोंबलाय की खरंच जळलाय. लिनिअर मोडमध्ये गाभ्यावर कर्सर न्या. आकडा कमाल मापाला (16 बिटांत 65535) टेकलेला आणि आजूबाजूचे पिक्सेलही तसेच सपाट असतील तर कॅमेऱ्यातच जळलाय, कोणताही स्ट्रेच त्याला परत आणणार नाही. त्यासाठी त्याच रात्री लहान एक्सपोजर हवेत: मुख्य फ्रेमा 120 सेकंदांच्या असतील तर शिवाय 30 आणि 5 सेकंदांच्या प्रत्येकी 20-30. तिन्हींचे स्टॅक वेगळे करायचे, एकमेकांवर जुळवायचे आणि गाभ्याला मऊ कडेचा मास्क (थराचा ठरावीक भागच उघडा ठेवणारा) लावून मिसळायचे. आकाश चांगलं असेल तर या वाढीव फ्रेमांना पाऊण तासही लागत नाही. मृग डोक्यावर येतो, आपल्या अक्षांशावर तेजोमेघ 65 अंशांपर्यंत चढतो, वेळ भरपूर असतो.

आकडा खाली असेल तर गाभा वाचतो. कमी ओढलेली एक प्रत वेगळी काढा: असिन्ह स्ट्रेच, थोडाच. ताऱ्यांचे आणि गाभ्याचे रंग तो चांगले राखतो. दुसरी प्रत झालरीसाठी हायपरबोलिकने. गिंपमध्ये दोन्ही थरांत ठेवून गाभ्यापुरता मास्क उघडा. मास्कची कड गाभ्याच्या रुंदीच्या निम्मी तरी मऊ हवी, नाहीतर तेजोमेघात भोक पाडल्यासारखं दिसतं. आणि गाभा झालरीपेक्षा गडद झाला तर तुम्ही जास्त केलंत. तिथे खरोखरच सर्वांत जास्त उजेड आहे, तो तसाच दिसला पाहिजे.

तारे आवरायला ते स्टारनेट या तारे पुसणाऱ्या साधनाने वेगळे काढून शेवटी परत मिसळता येतात. मिसळताना स्क्रीन मोड वापरा, सरळ बेरीज नको. बेरजेत ताऱ्यांचे मध्य पुन्हा जळतात.

बिटांचा हिशेब

कॅमेऱ्याच्या जेपेगवर स्ट्रेच करून पायऱ्या येतात ही तक्रार सेटिंगने सुटत नाही. जेपेगला एका रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिटांच्या रॉला (सेन्सरच्या कच्च्या फाइलला) 16384. जेपेगमध्ये झालर सहा-सात पायऱ्यांत बसलेली असेल आणि तुम्ही ती शंभरभर ताणलीत, तर मधले आकडे येणार कुठून? आकाशात नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. रॉ घ्या, सिरिलमध्ये 32 बिट ठेवा, गिंपमध्ये नेताना 16 बिट टिफ द्या. जेपेग अगदी शेवटच्या पायरीला.

ऑटोवर खुशाल सोडावं अशी कामं

लक्ष्य फ्रेममध्ये आलंय का, फोकस टिकलाय का, फ्लॅट लागले का, उतार कोणत्या बाजूने आहे. या सगळ्याला पडद्यावरचा ऑटोस्ट्रेच हाताच्या कामापेक्षा चांगला, कारण तो निर्दय आहे. लपवायला काही ठेवत नाही. एकाच लक्ष्याचे दोन-तीन महिन्यांचे स्टॅक तुलनेला ठेवायचे असतील तर मात्र ऑटो नको: एकाचे ब्लॅक पॉइंट आणि मिडटोनचे आकडे लिहून घ्या आणि सगळ्यांना तेच द्या.

सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणी मोबाइलवर जे दाखवतात ते असंच आपोआप ओढलेलं चित्र असतं. शाळेच्या अंगणात मुलांना आकाश दाखवायला ते पुरेसं आणि झटपट. घरी काम करायचं तर त्यांच्याच साठवणीतली फिट्स (न ओढलेल्या आकड्यांची) फाइल उचला, जेपेग नको, आणि वरच्या पायऱ्या कडा कापण्यापासून सुरू करा.

ऑटोच वापरून चित्र पुरं करायचं असेल तर निदान पार्श्वभूमीचं लक्ष्य 0.25 वरून 0.12 वर आणा, साखळी जोडलेली ठेवा, आणि उरलेला उठाव गिंपच्या कर्व्हने द्या: पार्श्वभूमीच्या आकड्यावर एक खिळा, त्याच्या थोडं वर दुसरा बिंदू किंचित उचललेला, वरचं टोक जागच्या जागी.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि 12-15 वर ठेवलेल्या काळ्या आकाशाचे चौकोनी ठोकळे होतात. 25 ते 30 वर ठेवलेलं आकाश त्यातून बऱ्यापैकी तरतं.